एकोणीस लायसन्स, सव्वीस माणसं

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बोलणं चालू असताना लाईन तोडायची नाही. पलीकडे दोघं भांडत असोत, रडत असोत, नाहीतर नुसते एकमेकांचे श्वास ऐकत गप्प बसलेले असोत. आपण कोण तोडणारे? लाईनताईने बावीस वर्षं हे पाळलं. एकदा खोलीत धूर भरला, बाकीच्या बायका जिना उतरून पळाल्या, ही तोंडाला ओला रुमाल लावून बोर्डासमोर बसून राहिली. कारण त्या लाईनवर एक मुलगी मरायला टेकलेल्या आईशी बोलत होती. "लाईन धरा" हे तिचं पालुपद. नाव त्यावरूनच पडलं, आणि खरं नाव आता तिच्या सख्ख्या भावालाही जरा आठवून सांगावं लागतं.

सहाशे बारा ग्राहकांचे नंबर तिला तोंडपाठ होते. खोलीत नोंदवही होती, तिच्यावर धूळ. "वही त्यांना लागते ज्यांचं डोकं गळतं," असं ती ऐटीत म्हणायची. हे वाक्य लक्षात ठेवा.

एक्स्चेंज बंद करायची वेळ आली तेव्हा वरचे साहेब आले आणि खुर्च्या मोजून गेले. चाळीस खुर्च्या कमी करायच्या, असं कागदावर आलं. खुर्च्या! त्यांच्यावर पाळीपाळीने नव्वद बायका बसत होत्या, त्यांचा त्या कागदावर पत्ता नव्हता. लाईनताई तीन आठवडे फाटकाबाहेर बसली, घसा फुटेपर्यंत ओरडली, "माणसं मोजा, खुर्च्या मोजू नका!" नोकरी गेली ती गेलीच. पण ही घोषणा पुढे दहा ठिकाणी दहा मोर्चांनी उचलली, आणि ती आपली आहे याचा ताईला भारी अभिमान.

त्यानंतर ती कॉम्प्युटर शिकली. कोणाकडे नाही, आपली आपण. आधी एक यंत्र मोडलं, मग दुसरं जोडलं. शिकायचं कारण घरातच होतं. तिचा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की लोक सामान घ्यायला नाही, पाटी वाचायला थांबायचे. एक दिवस शिडी सरकली. मानेखालचं सगळं शरीर गेलं. दोन वर्षं दादा छताकडे बघत पडून होता. ताईने त्याच्या दातांत धरायला एक काडी केली, टोकाला रबर, आणि त्याच्यासमोर कीबोर्ड उभा केला. पहिल्या दिवशी दादाने एका तासात चार ओळी टाइप केल्या आणि म्हणाला, "दोन शब्दांमधली जागा सारखी नाही. पुन्हा करतो."

अशी घराबाहेर पडू न शकणारी माणसं शोधून तिने संस्था उभी केली. कोणाचे पाय गेलेले, कोणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस. काम मिळालं ते कोर्टाचं. सुनावणी चालू असताना आवाज कानात यायचा आणि साक्षीदार जे बोलेल ते घरबसल्या टाइप करायचं. अट एकच. कोर्टातला एक शब्दही कोणाच्या घरच्या यंत्रात राहता कामा नये. म्हणून घरी फक्त पडदा आणि कीबोर्ड. खरं काम चालायचं दूरच्या एका सर्व्हरवर. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. खिडकीतून हात घालून शेजारच्या घरात लिहावं, तसं. घरात पसारा नाही, चोरी नाही.

चार वर्षं तो सर्व्हर कोर्टाच्याच तळघरात होता. या वर्षी कोर्ट म्हणालं, आमची जागा रिकामी करा, तुमचं यंत्र तुम्ही आणा. ताईने क्लाउडमध्ये भाड्याने यंत्र घेतलं. आणि तिथून नियमांच्या जंगलात शिरली.

जंगल म्हणजे जंगलच. हे नियम लिहिणाऱ्यांनी ते कोणी वाचू नयेत म्हणूनच लिहिलेले असतात. पण ताईने सगळे वाचले, बोट ठेवून, ओळ न् ओळ. त्यातून तिला कळलं ते असं. दुरून येऊन त्या यंत्रावर काम करायचं तर प्रत्येकाला लायसन्स लागतं. ते दोन जातींचं. एक यंत्राच्या नावाचं, एक माणसाच्या नावाचं. भाड्याच्या क्लाउडवर यंत्राच्या नावाचं चालत नाही, माणसाचंच लागतं. हे वाचून ताईने टेबलावर थाप मारली होती. "बघ दादा! कधी नव्हे ते कंपनीला अक्कल आली. माणसं मोजतायत!"

तिने एकोणीस लायसन्स घेतली, सर्व्हरमध्ये घातली आणि हात झटकले. एकशे वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. का चाललं, हे नियमातच लिहिलं होतं, पण त्या ओळीवरून तिचं बोट घसरलं होतं. पहिले एकशे वीस दिवस सर्व्हर लायसन्स विचारतच नाही.

एकशे एकविसावा दिवस सोमवार होता. सकाळी नऊला सगळे कामाला बसले. पडद्यावर प्रत्येकाला एक चौकट आली: तुमच्या लायसन्समध्ये अडचण आहे, साठ मिनिटांनी जोडणी तोडण्यात येईल. दहाला तुटली. एकोणीस घरांत एकाच वेळी. साक्षीदार वाक्याच्या मध्यावर होता.

ताईचा फोन थांबेना. "ताई, गेलं!" "ताई, माझं अर्धं पान गेलं!" "ताई, मी काहीच केलं नाही हो!" ती प्रत्येकाला "लाईन धरा" म्हणत होती. बावीस वर्षांत तिच्या हाताखाली बोलती लाईन तुटली नव्हती. आता तिच्याच यंत्राने तोडली होती. लोक पुन्हा आत शिरले, अकराला पुन्हा तुटली. बाराला पुन्हा.

आणि गुरुवारी चाचणी होती. कोर्टाच्या कचेरीतले साहेब सलग तीन तास सुनावणी लावून बघणार होते. जमलं तर वर्षभराचं काम. नाही जमलं तर एक मोठी कंपनी दारात उभीच होती, तिच्या टायपिस्टांना पाय होते, माना होत्या, सगळं होतं.

लायसन्स विकणाऱ्याला सगळे होजी म्हणत, कारण तो कशालाही "हो जी" म्हणायचा. ताईने त्याला फोनवर धरला.

"लायसन्स दिलीस की नाही?"

"हो जी, दिली."

"घातली की नाही?"

"हो जी, घातली."

"मग हा मुडदा साठ मिनिटांनी मरतो का?"

होजीने घसा खाकरला. "ताई, लायसन्स माणसाच्या नावाचं आहे. पण तुमच्या सर्व्हरला माणसं कुठं माहीत आहेत? त्याला हजेरीपट लागतो. डोमेन म्हणतात त्याला. कोण कोण आपलं, याची एक पक्की वही. ती नसली की हा सर्व्हर कोणालाच ओळखत नाही. तासभर बसू देतो, मग हात धरून बाहेर काढतो. तुम्ही वही केलीच नाही?"

वही. ताईने तो शब्द हळूच पुन्हा उच्चारला. तिच्या हळू आवाजाने होजी घाबरला, कारण त्याला तिच्या ओरडण्याची सवय होती.

"होईल हो जी, दोन दिवसांत होईल. वेगळं छोटं यंत्र घ्या, त्यावर वही उघडा, नावं भरा. मी फोनवर बसतो."

आणि बसला. विकणारा असूनही बसला, हे इथे नोंदवलं पाहिजे. मंगळवारी दुपारपर्यंत वही उभी राहिली. कोरी. आता नावं भरायची. होजी म्हणाला, "सांगा, पहिलं नाव?"

"एकशे एक," ताई म्हणाली.

"नाव, ताई."

"अरे, एकशे एक म्हणजे मी."

तिने चार वर्षं लोकांना नंबर दिले होते, एक्स्चेंजसारखे. एकशे एक ते एकशे एकोणीस. कोण कुठल्या नंबरवर, हे तिच्या डोक्यात. एकशे सहा म्हणजे दोघी बहिणी. एकशे सात म्हणजे सासू सकाळी आणि सून दुपारी. एकशे बारा म्हणजे दादा, आणि त्याची मान दुखायला लागली की वहिनी. ती एकेक नंबर बोलत गेली आणि होजी एकेक नाव लिहीत गेला. एकोणीस नंबर संपले तेव्हा तो म्हणाला, "सव्वीस झाले हो जी."

"काय सव्वीस?"

"माणसं. लायसन्स एकोणीस. एका नावावर दोघांना बसता येत नाही. नियम आहे."

फाटकाबाहेर तीन आठवडे बसलेली ती. घोषणा तिची. आणि आपल्या घरात तिने मोजल्या होत्या खुर्च्या.

"आणखी सात पाठव."

"मागणी वर जाते, तिथून यायला आठ दिवस. गुरुवारपर्यंत नाही होणार."

"मग पाळीपाळीने नावं बदलू. सकाळी हिचं, दुपारी तिचं."

"एकदा दिलं की नव्वद दिवस दुसऱ्याला देता येत नाही." मग तो हळूच म्हणाला, "ताई, एकोणीस नावं घाला. घरात कोण कीबोर्डवर बसतंय, कोण बघतंय?"

"कोर्ट बघतंय, शहाण्या! आता कॅमेरा चालू ठेवून काम आहे. नावाला तोंड जुळलं पाहिजे. आणि खाली सही माझी आहे." ती आता नेहमीसारखी ओरडत होती. "फसवायचंच असतं तर मी तुझ्याकडून लायसन्स घेतली असती का रे?"

तिने कचेरीत फोन लावून विचारलं, सात नावं आठ दिवसांनी दिली तर चालतील का. साहेब सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड. गुरुवारी जी यादी येईल ती वर्षभर कायम, ते म्हणाले. गुप्ततेचा प्रश्न आहे. आज सात, उद्या आणखी सात, असं चालत नाही. नियम मी नाही केले. त्यांनी हेही समजावलं की यादीत नसलेल्या माणसाला पडदा दिसता कामा नये, तो त्याच खोलीत राहत असला तरी.

म्हणजे सात माणसं गुरुवारी कापायची. वर्षभरासाठी.

बुधवारी सकाळी ताईने पहिलं नाव खोडलं ते स्वतःचं. ती संस्थेचं टायपिंगही करायची आणि यंत्रही सांभाळायची; सांभाळायला वेगळं लायसन्स लागत नाही, टाइप करायला लागतं. टायपिंग सोडलं. उरली पंचवीस माणसं आणि जोडीच्या सात खुर्च्या. तिचं लायसन्स मोकळं झालं, म्हणजे सातांपैकी एक जोडी अख्खी वाचू शकत होती. बाकी सहा घरांतून एकेक जाणार.

तिने फोन सुरू केले. पाच घरांनी आपला आपण निर्णय घेतला. कोणी रडलं, कोणी तिला शिव्या दिल्या, दोघी बहिणींपैकी मोठी म्हणाली, "तू ये आणि आमच्या तोंडावर सांग, फोनवर काय सांगतेस?" ताई गेली, सांगितलं, परत आली. दुपारी दोनपर्यंत दोन घरं उरली. एकशे सात आणि एकशे बारा. सासू-सून आणि दादा-वहिनी. मोकळी जागा एक.

सासूबाईंनी फोन उचलताच सुनावलं. "मला काढायला फोन केलास ना? काढ. सून भराभर करते, मला ठाऊक आहे. पण एक ऐक, लाईन. सात वर्षं या घरात आम्ही दोघी एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो. या खुर्चीने बोलायला लावलं. 'आज साक्षीदार कुठपर्यंत आला' हे एकीला दुसरीला सांगावंच लागतं. आता ती बसेल पडद्यासमोर आणि मी बसेन स्वयंपाकघरात. मग काय बोलणार? भांड्यांचा आवाज?"

"मी सांगते तुम्हाला संध्याकाळपर्यंत," ताई कशीबशी म्हणाली.

"सांग बाई. तुझा भाऊ आहे, मला कळतं."

हे शेवटचं वाक्य टोचलं. ताईने आयुष्यभर आपल्या माणसाला खुर्ची देणाऱ्यांची सालटी काढली होती. आणि आता सगळं मन ओरडत होतं: दादाला दे. सासूबाईंना पाय आहेत, हात आहेत, त्या दारात जातील, कोणाशी तरी बोलतील. दादाजवळ ती काडी सोडून काय आहे? वहिनीचं नाव तर काढताच येत नव्हतं. तीन तास सलग दादाची मान टिकत नाही. एकशे बारावर एकच नाव राहणार असेल तर ते वहिनीचं, हे न बोलता तिघांना ठाऊक होतं.

ती दादाच्या घरी गेली. एकच मोठी खोली, खिडकीशी पलंग, पलंगाला लागून टेबल, टेबलावर पडदा. काडी पाण्याच्या पेल्यात उभी.

"तुझं नाव घालतेय," ती दारातूनच म्हणाली. "तुझं आणि वहिनीचं, दोन्ही."

"बस आधी."

"बसत नाही. ऐकवू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हणू दे लोकांना."

"म्हणतील ना. मी पण म्हणेन." दादाचा आवाज नेहमी हळू, श्वास पुरत नाही म्हणून. "भावाला खुर्ची दिली म्हणेन. अगं, तुझ्या घोषणेचा फलक मी रंगवला होता. विसरलीस? एका बाजूला माणसं, एका बाजूला खुर्च्या. खुर्च्या जास्त चांगल्या आल्या होत्या, तू चिडली होतीस."

"दादा, थट्टा नको."

"दोन वर्षं छताकडे बघितलंय मी. मला त्या छताची भीती वाटते, खोटं नाही सांगत. रात्रंदिवस वाटते. पण सासूबाईंना मी सांगून टाकलंय."

"काय सांगितलंस?"

"जागा तुमची. मघाशीच. काडीने फोन लावता येतो मला."

ताई अशी चिडली की वहिनी स्वयंपाकातून धावत आली. "तुला कोणी विचारलं होतं? संस्था माझी आहे! सही माझी आहे! तू कोण ठरवणारा? मेल्या, तुझ्यासाठी उभी केली मी ही संस्था! तुझ्यासाठी!"

"वन्सं," वहिनी म्हणाली, "हळू. त्यांना धाप लागते."

दादा म्हणाला, "मग आता माझ्यासाठी सांभाळ."

तिने यादी पूर्ण केली. एकोणीस नावं, पूर्ण नावं, वडिलांसकट. वहीत. आयुष्यात पहिल्यांदा वहीत. मग तिने आणि वहिनीने मिळून टेबल उचललं आणि समोरच्या भिंतीकडे नेलं, पडद्याचं तोंड पलंगाकडून फिरवून. जिथे टेबल होतं तिथे फरशीवर पायांच्या चार काळ्या खुणा राहिल्या. वहिनी त्या पुसायला बसली. पुसल्या जाईनात. "राहू द्या," दादा म्हणाला.

गुरुवारी दहाला चाचणी सुरू झाली. ताई दादाच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसली. यादीत तीही नव्हती, तोही नव्हता, म्हणून दोघंही पडद्याच्या मागच्या बाजूला. समोर नुसती पडद्याची पाठ आणि लोंबणारी वायर. आवाज फक्त वहिनीच्या बोटांचा. हेडफोन तिच्याच कानात, साक्षीदार काय सांगतोय हे फक्त तिला ठाऊक.

चाळीस मिनिटं झाली. वहिनी एका शब्दाला अडली. बोटं थांबली, मान सवयीने दादाकडे वळली. तिला पटकन आठवलं आणि ती पुन्हा समोर बघायला लागली. दादाने डोळे मिटले.

पंचावन्न मिनिटं. ताईने स्टुलाची कड घट्ट धरली. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. वहिनीची बोटं चालूच होती. एकसष्ट. त्रेसष्ट.

"तुटली नाही," दादा पुटपुटला.

"नाही."

"बाकीच्या घरांत?"

तिने फोनमध्ये बघितलं. "सगळ्या चालू."

"मग रडतेस कशाला?"

तीन तास एकही लाईन तुटली नाही. एकला साहेबांचा निरोप आला, काम उत्तम, यादी कायम. सासूबाईंचा फोन आला. मागे सून मोठ्याने कुठल्या तरी स्वल्पविरामावरून वाद घालत होती, तेवढं ऐकवून त्यांनी ठेवला. ताईने दादाला सांगितलं. तो हसला. हसला म्हणजे ओठ हलले.

आणखी सात लायसन्स पुढच्या आठवड्यात येणार होती. ती कपाटात पडून राहणार होती, पुढच्या यादीपर्यंत, वर्षभर. काडीने फोन लावता येतो, पुस्तकाचं पान उलटता येतं, सगळं येतं. फक्त सकाळी नऊला कोणी वाट बघत नाही.

वहिनी उठली. तीन तास बसून तिची पाठ धरली होती. चार वर्षांच्या सवयीने ती पेल्याकडे गेली, काडी घेतली, धुतली, रबर पुसलं आणि पलंगाशी आली. कारण ती उठली की पाळी दादाची, असंच चालत आलं होतं. तिने काडी पुढे धरली. दादानेही सवयीने तोंड उघडलं.

मग तिघंही तसेच राहिले.